साताऱ्याचा ४१५००१, सांगलीचा ४१६४१६ : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात या सदरात एक कोडं दिलं होतं. आपल्या गावाचा पिनकोड ही एक सहा अंकी पूर्ण संख्या समजा आणि तिचे मूळ अवयव पाडा. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून उत्तरं आली आणि त्यांच्यासोबत प्रश्नही आले. काही प्रश्न पिनकोड ओलांडून खूप मोठ्या संख्यांपर्यंत गेले. त्यातले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. कागद-पेन्सिल जवळ ठेवूनच वाचा.

प्रश्न : साताऱ्याच्या ४१५००१ला २, ३, ५, ७ पासून ९७ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहिलं. एकीनेही निःशेष भाग जात नाही. मग ही मूळ संख्या समजायची का? की अजून पुढे जायचं, आणि कुठपर्यंत?
— निवृत्त शिक्षिका, सातारा

उत्तर : तुमचे पंचवीसही भागाकार बरोबर आहेत, पण ९७ला थांबता येत नाही. संयुक्त संख्येचा निदान एक मूळ अवयव तिच्या वर्गमुळाइतका किंवा त्याहून लहान असतोच. दोन्ही अवयव वर्गमुळाहून मोठे असते तर गुणाकार दिलेल्या संख्येच्या पुढे गेला असता. इथे ६४४² = ४१४७३६ आणि ६४५² = ४१६०२५, म्हणजे वर्गमूळ ६४४ आणि ६४५ यांच्या मध्ये आहे. ६४४ पर्यंत एकूण ११७ मूळ संख्या येतात. पंचवीस तुम्ही केल्यात, अजून ब्याण्णव उरल्या. ओळीने भागत गेलात तर एकशे बाराव्या मूळ संख्येला, म्हणजे ६१३ला, भाग जातो :

४१५००१ = ६१३ × ६७७

दोन्ही अवयव मूळ आहेत, म्हणून याच्यापुढे फोड होत नाही. सहा अंकी संख्येसाठी एकशे बारा भागाकार फारच झाले. पण हीच संख्या एका वजाबाकीत फुटते आणि ती रीत प्रत्येकाने शिकावी अशी आहे.

विषम संख्येचे दोन अवयव अ आणि ब धरा. दोघेही विषम, म्हणून त्यांची बेरीज आणि वजाबाकी दोन्ही सम. बेरजेचा निम्मा क, फरकाचा निम्मा ड. मग अ = क + ड, ब = क − ड, आणि गुणाकार झाला क² − ड². म्हणजे अवयव शोधणं आणि संख्या दोन वर्गांची वजाबाकी म्हणून लिहिणं हे एकच काम आहे. कृती अशी : वर्गमुळाच्या लगेच वरचा पूर्णांक घ्या, त्याच्या वर्गातून दिलेली संख्या वजा करा, आणि उरलेली संख्या पूर्ण वर्ग आहे का ते पाहा. नसेल तर पूर्णांक एकाने वाढवा आणि पुन्हा करा.

साताऱ्यासाठी सुरुवात ६४५ पासून. ६४५² − ४१५००१ = ४१६०२५ − ४१५००१ = १०२४. आणि १०२४ म्हणजे ३२चा वर्ग! पहिल्याच फेरीत काम झालं : ६४५ − ३२ = ६१३, ६४५ + ३२ = ६७७.

उरलेली संख्या पूर्ण वर्ग आहे का, हे बघायला दर वेळी वर्गमूळ काढत बसू नका. शेवटचे दोन अंक पाहिले तरी बऱ्याच संख्या बाद होतात. पूर्ण वर्गाच्या शेवटी २, ३, ७, ८ कधीच येत नाहीत. शेवटी १, ४ किंवा ९ असेल तर दशकाचा अंक सम असतो, ६ असेल तर विषम असतो. ५ असेल तर शेवट २५ हवा, ० असेल तर ००. शंभरपैकी फक्त बावीस शेवट शिल्लक राहतात.

ही कल्पना नारायण पंडितांच्या १३५६ सालच्या ‘गणितकौमुदी’त आहे. युरोपात ती सतराव्या शतकातल्या पिएर द फर्मा यांच्या नावाने ओळखली जाते.

ही रीत साताऱ्याला एवढी का लागू पडली तेही सांगायला हवं, नाहीतर दुसऱ्या संख्येपाशी तुमची निराशा होईल. किती फेऱ्या लागतील याचा अंदाज असा : अवयवांमधल्या फरकाचा वर्ग करा आणि त्याला वर्गमुळाच्या आठपटीने भागा. ६७७ − ६१३ = ६४. त्याचा वर्ग ४०९६, भागिले सुमारे ५१५४, म्हणजे एकाहून कमी, म्हणून पहिल्याच फेरीत उत्तर. अवयव एकमेकांपासून लांब असतील तर हीच रीत जीव खाते. वाईचा पिनकोड घ्या. ४१२८०३ = ३ × ३ × ३ × १५२८९. यातली सर्वांत जवळची जोडी २७ आणि १५२८९. वर्गांच्या रीतीने ६४३ पासून निघून ७६५८ पर्यंत जावं लागतं, म्हणजे ७०१६ फेऱ्या. साध्या भागाकाराने मात्र ३ हा अवयव अंकांची बेरीज १८ दिसताक्षणीच मिळतो. म्हणून आधी लहान मूळ संख्यांनी भागून घ्यावं, मग वर्गांच्या रीतीच्या चार-सहा फेऱ्या कराव्यात. त्यात नाही फुटली, तरच पुढच्या मूळ संख्यांनी भागत बसावं.

संगणकातल्या गुप्तलेखनाशी याचा थेट संबंध आहे. १९७७ साली रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी मांडलेल्या पद्धतीत दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार जाहीर करतात आणि त्या दोन संख्या लपवतात. आज सर्रास वापरात असलेल्या २०४८ बिटांच्या किल्लीत हा गुणाकार ६१७ अंकी असतो. पण दोन मूळ संख्या एकमेकींच्या फार जवळच्या निवडल्या तर गुणाकार कितीही लांब असला तरी साताऱ्याच्या पिनकोडासारखा चटकन फुटतो. म्हणून अमेरिकी मानकात अटच आहे की २०४८ बिटांच्या किल्लीसाठी दोघींतला फरक २च्या ९२४व्या घातापेक्षा मोठा हवा. ही काळजी न घेता काही छपाईयंत्रांनी तयार केलेल्या किल्ल्या २०२२ साली याच जुन्या रीतीने फुटल्या.

शेवटी गुणाकाराचा ताळा. ६१३ची अंकबेरीज १०, म्हणजे १. ६७७ची २०, म्हणजे २. गुणाकार २. ४१५००१ची ११, म्हणजे २. नवाचा ताळा जुळला. पण लिहिताना अंकांची अदलाबदल होऊन ४५१००१ झालं असतं तरी हा ताळा जुळलाच असता, कारण बेरीज तीच राहते. म्हणून जोडीला अकराचा ताळा घ्या : उजवीकडून अंक आळीपाळीने अधिक-उणे करायचे. ६१३ → ३ − १ + ६ = ८. ६७७ → ७ − ७ + ६ = ६. आठ सख अठ्ठेचाळीस, अकराने भागून बाकी ४. ४१५००१ → १ − ० + ० − ५ + १ − ४ = −७, त्यात ११ मिळवून ४. जुळलं. ४५१००१ला मात्र १ येतो आणि चूक लगेच उघडी पडते.

प्रश्न : तुमची ‘दोन वर्गांची वजाबाकी’ आम्हाला शाळेत सांगितली होती. ती कराडच्या ४१५११०ला लावली तर काहीच हाती येत नाही. काय चुकतं?
— वाचक, कराड

उत्तर : संख्या सम आहे, पण ४ने भाग जात नाही, हेच कारण. अशा संख्येचे दोन अवयव घेतले की एक सम आणि एक विषम निघतो. त्यांची बेरीज विषम, तिचा निम्मा पूर्णांक होत नाही, त्यामुळे कितीही फेऱ्या केल्या तरी पूर्ण वर्ग सापडणार नाही. आधी २ बाहेर काढा. उरले २०७५५५. वर्गमुळाच्या वरचा पूर्णांक ४५६.

४५६² − २०७५५५ = ३८१. शेवट चालण्यासारखा आहे, पण १९² = ३६१ आणि २०² = ४००, म्हणून नाही.
४५७² − २०७५५५ = १२९४. शेवटी ४ आणि दशकात ९, बघायचंही कारण नाही.
४५८² − २०७५५५ = २२०९ = ४७².

तिसऱ्या फेरीत ४११ × ५०५ मिळाले. ४११ = ३ × १३७, ५०५ = ५ × १०१. म्हणून ४१५११० = २ × ३ × ५ × १०१ × १३७. ३ आणि ५ आधीच बाहेर काढले असते तर १३८३७ उरले असते, त्यासाठी ११८² − १३८३७ = ८७ इथून सुरुवात होते आणि पुढच्याच फेरीत, ११९ला, १८² मिळतो. दोन्ही वाटा ठीकच, पण लहान अवयव आधी काढले की आकडेमोड आटोक्यात राहते.

प्रश्न : सांगलीचा पिनकोड ४१६४१६. तेच तीन अंक पुन्हा. याचं काही वेगळं गणित आहे का? आणि याला एकूण किती विभाजक आहेत?
— दहावीचा विद्यार्थी, सांगली

उत्तर : आहे, आणि फार देखणं आहे. तीन अंक दोनदा लिहिणं म्हणजे त्या तीन अंकी संख्येला १००१ने गुणणं : ४१६ × १००० + ४१६ × १. आणि १००१ = ७ × ११ × १३. म्हणजे असा कोणताही सहा अंकी आकडा ७, ११ आणि १३ या तिघांनी भाग जाणाराच. ४१६ स्वतः ३२ × १३ आहे. म्हणून

४१६४१६ = २⁵ × ७ × ११ × १३²

विभाजक मोजायला प्रत्येक घातांकात एक मिळवून गुणायचं : ६ × २ × २ × ३ = ७२. साताऱ्याच्या ४१५००१ला फक्त चार विभाजक : १, ६१३, ६७७ आणि ती संख्या स्वतः. आकाराने दोन्ही जवळपास सारख्याच, फरक १४१५चा, पण आतून त्यांची घडण अगदी निराळी. सांगलीच्या बहात्तर विभाजकांची बेरीज ६३ × ८ × १२ × १८३ = ११०६७८४. त्यातून संख्या स्वतः वगळली तरी ६९०३६८ उरतात, म्हणजे संख्येहून पुष्कळ जास्त.

मौज अशी की वर्गांच्या रीतीने सांगलीही पहिल्याच फेरीत फुटते. ६४६² − ४१६४१६ = ९०० = ३०², म्हणून ६१६ × ६७६. साताऱ्याचे ६१३ × ६७७ याच्याशेजारी लिहून पाहा.

आता १००१चा खरा उपयोग. कितीही लांब संख्येला ७, ११, १३ने भाग जातो का हे एकदमच कळतं. उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडा, आळीपाळीने अधिक-उणे करा, जे येईल त्याला ७, ११, १३ने भागा. २१४७४८३६४७ ही संख्या घ्या. गट २ | १४७ | ४८३ | ६४७. ६४७ − ४८३ + १४७ − २ = ३०९. याला सातने भागून बाकी १, अकराने १, तेराने १०. तिघांनीही भाग जात नाही. जाणारही नाही, कारण ही २चा ३१वा घात वजा १, आणि ती मूळ असल्याचं ऑयलरने १७७२ सालीच सिद्ध केलं आहे.

आपल्याकडे इथे एक चूक हमखास होते. आपण स्वल्पविराम लाख-कोटीच्या हिशेबाने देतो : २,१४,७४,८३,६४७. मुलं तेच तुकडे उचलतात आणि उत्तर बिघडतं. ही कसोटी तीन-तीन अंकांचीच आहे. आधी सगळे स्वल्पविराम पुसा, मग उजव्या टोकाकडून गट पाडा. डावीकडून पाडले तरीही उत्तर चुकेल, फक्त अंकांची संख्या तिनाच्या पटीत असेल तेव्हा ते योगायोगाने बरोबर येईल.

प्रश्न : कापरेकरांचा ६१७४ चार अंकी संख्यांसाठी आहे. सहा अंकी पिनकोडवर तीच कृती केली तर काय होतं?
— प्राथमिक शिक्षक, तासगाव

उत्तर : ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी कृती आधी सांगतो. देवळालीच्या शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर यांनी १९४९ साली ही गोष्ट मांडली. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, मोठीतून लहान वजा करा, आलेल्या उत्तरावर तेच पुन्हा करा. जास्तीत जास्त सात फेऱ्यांत ६१७४ येतो आणि तिथेच राहतो.

सहा अंकांत असा एकच थांबा नाही. दोन थांबे आहेत, ५४९९४५ आणि ६३१७६४, आणि शिवाय सात संख्यांचं एक चक्र आहे. त्यात शिरलेली संख्या त्यातच फिरत राहते.

सांगली : ६६४४११ − ११४४६६ = ५४९९४५. एकाच वजाबाकीत थांबा! पडताळून पाहा : ९९५५४४ − ४४५५९९ पुन्हा ५४९९४५.

सातारा : ५४११०० − ००११४५ = ५३९९५५. पुढे ६३९९५४, ६५०८४४, ८२०८७२, ८६४४३२, ६२९९६४, ७४९९४३, ६५२६४४, ४२०८७६. नवव्या फेरीत आलेला ४२०८७६ चक्रातला आहे. तिथून ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४ आणि परत ४२०८७६.

मुलांकडून करून घेताना दोन गोष्टींकडे लक्ष ठेवा. शून्य हाही अंक आहे. साताऱ्याचे उतरते अंक ५४११०० आहेत. ५४११ लिहिलं की सगळं कोलमडतं. आणि प्रत्येक वजाबाकीचं उत्तर ९ने भाग जाणारंच असतं, कारण दोन्ही संख्यांची अंकबेरीज एकच. ५३९९५५ची ३६, ८२०८७२ची २७. बेरीज नवाच्या पटीत नसेल तर त्याच फेरीत चूक आहे, पुढे जाऊ नका.

कापरेकरांनीच हर्षद हे नाव दिलेल्या संख्याही इथे तपासता येतात. जिला स्वतःच्या अंकबेरजेने भाग जातो ती हर्षद. सांगलीची अंकबेरीज २२ आणि ४१६४१६ ÷ २२ = १८९२८, बरोबर. सातारा, कराड, मिरज, वाई यांपैकी एकही या कसोटीला उतरत नाही.

मात्र वर्गात एक फरक जरूर सांगा. अंकांची पुनरावृत्ती, ६१७४, हर्षद हे सगळं दशमान लेखनातून येतं. संख्या आठाच्या किंवा बाराच्या पायात लिहिली तर हे गुण बदलतात. अवयव मात्र लेखनावर अवलंबून नाहीत. ४१५००१ वस्तू आयताकार मांडायच्या तर रांगा ६१३ किंवा ६७७च कराव्या लागतील, नाहीतर एकच लांब ओळ. आकडा कोणत्याही लिपीत आणि कोणत्याही पायात लिहिला तरी हेच.

प्रश्न : सोळा अंकी संख्या एक्सेलमध्ये घातली की शेवटचा अंक शून्य होतो. मग मोठ्या संख्येची विभाज्यता संगणकावर तपासायची कशी?
— कार्यालयीन कर्मचारी, मिरज

उत्तर : एक्सेल संख्येचे पहिले पंधरा सार्थ अंकच ठेवतं, पुढच्या जागी शून्य भरतं. ९००७१९९२५४७४०९९३ टाकून पाहा, ९००७१९९२५४७४०९९० होईल. पहिली संख्या विषम, दुसरी १०ने भाग जाणारी! एकदा अंक गेला की गेलाच, नंतर खाना मजकूर-स्वरूपात बदलून तो परत येत नाही. खातेक्रमांकासारखी लांब संख्या असेल तर आधी खाना मजकूर-स्वरूपात करावा किंवा आकड्याआधी एकेरी अवतरणचिन्ह टाकावं, मगच आकडा लिहावा.

भागाकार मात्र तुकड्यांनी हातानेही होतो, साध्या कॅल्क्युलेटरवर तर सहजच. वरच्या संख्येला १०७ने भाग जातो का बघू. डावीकडून सोयीचा तुकडा घ्या, बाकी काढा, बाकीच्या मागे पुढचे अंक जोडा.

९००७१ ÷ १०७ : बाकी ८४.
८४च्या मागे ९९२५, म्हणजे ८४९९२५ : बाकी २४.
२४४७४० : बाकी ३१.
३१९९३ : बाकी ०.

निःशेष भाग गेला. शाळेतला लांब भागाकारच हा, फक्त एकेका अंकाऐवजी चार-चार अंक उतरवले. भागाकार नको असतो, बाकीच हवी असते, म्हणून भागफळ लिहीतच नाही. जपायचं ते एवढंच : तुकड्यातले मधले शून्य सोडायचे नाहीत. तुकडा ००४७ असेल तर बाकीच्या मागे चारही अंक जोडायचे.

पायथन या संगणकभाषेत पूर्णांकाला अशी पंधरा अंकांची मर्यादा नाही. पण तिथेही भागाकारासाठी एक तिरकी रेघ दिली तर उत्तर दशांश अपूर्णांकात जातं आणि तेच शेवटचे अंक हरवतात. पूर्णांक भागाकाराला दोन तिरक्या रेघा द्या, बाकीसाठी टक्क्याचं चिन्ह.

प्रश्न : आज माहीत असलेली सर्वांत मोठी मूळ संख्या २चा १३६२७९८४१वा घात वजा १ आहे असं वाचलं. ती न लिहिता तिच्यात किती अंक आहेत ते कसं काढतात? मी लॉगच्या तक्त्यावरून काढलं तर उत्तर जुळत नाही.
— महाविद्यालयीन विद्यार्थिनी, वाई

उत्तर : रीत बरोबर आहे, तक्ता अपुरा पडला. २चा लॉग घातांकाने गुणायचा, पूर्णांक भाग घ्यायचा आणि त्यात १ मिळवायचा. वजा १ने अंकांची संख्या बदलत नाही, कारण २चा कोणताही घात १०चा घात नसतो.

तक्त्यातला चार अंकी ०.३०१० घेतला तर ४१०२०२३३ अंक येतात, चार हजारांनी कमी. पाच अंकी ०.३०१०३ घेतला तर गुणाकार ४१०२४३२०.५ आणि अंक ४१०२४३२१, म्हणजे एकाने जास्त. पाच अंकांचं मूल्य थोडं वर पूर्णांकित झालेलं असतं आणि साडेतेरा कोटींनी गुणल्यावर ती बारीकशी वाढ अर्ध्याहून मोठी होते. दहा अंकी ०.३०१०२९९९५७ घ्या : गुणाकार ४१०२४३१९.९५, अंक ४१०२४३२०. हे बरोबर आहे. ठोकळ नियम असा की घातांक जितक्या अंकांचा, त्याहून निदान दोन-तीन दशांश स्थळं जास्त धरून लॉग घ्यावा.

चार कोटी दहा लाख चोवीस हजार तीनशे वीस अंक! पानावर तीन हजार मावले तरी तेरा हजार सहाशे पंचाहत्तर पानं.

शेवटचे अंक तर त्याहून सोपे. २च्या घातांचे शेवटचे दोन अंक दुसऱ्या घातापासून पुढे दर वीस घातांनी परत येतात. १३६२७९८४१ला २०ने भागून बाकी १, म्हणजे २१व्या घाताचे शेवटचे दोन अंक बघायचे. २०९७१५२, शेवट ५२. त्यातून १ वजा. संख्या ५१ने संपते.

ती मूळ आहे हे भागून कोणी पाहिलेलं नाही, ते शक्यच नाही. ‘२चा घात वजा १’ अशा रूपाच्या संख्यांना लुकास-लेमर कसोटी लावतात. ४ पासून सुरुवात करायची, वर्ग करून २ वजा करायचे, दर वेळी दिलेल्या संख्येने भागून फक्त बाकी ठेवायची. घातांकाहून दोन कमी इतक्या फेऱ्यांनी शून्य आलं तर मूळ, नाहीतर नाही. १२७ म्हणजे २चा ७वा घात वजा १, म्हणून पाच फेऱ्या : ४ → १४ → ६७ → ४२ → १११ → ०. शेवटची फेरी करून पाहा, १११² − २ = १२३१९ = १२७ × ९७. घातांक स्वतः मूळ असणं आवश्यक आहे, पण पुरेसं नाही. ११ मूळ आहे, तरी २चा ११वा घात वजा १ म्हणजे २०४७ = २३ × ८९. ही मोठी संख्या ल्यूक ड्युरँट यांना ऑक्टोबर २०२४ मध्ये मिळाली. ती ‘गिम्प्स’ या १९९६ पासून चालू असलेल्या सामूहिक शोधातून आली. पहिला सुगावा एका वेगळ्या चाचणीने लागला आणि शिक्कामोर्तब लुकास-लेमरने झालं.

प्रश्न : पिनकोड दोन वर्गांची वजाबाकी म्हणून लिहिता येतो, तसा दोन वर्गांची बेरीज म्हणून येतो का?
— वाचक, मिरज

उत्तर : मूळ अवयव पाडले की लगेच कळतं. ४ने भागल्यावर ३ बाकी उरते असे मूळ अवयव (३, ७, ११, १९…) पाहा. त्यातला प्रत्येक सम वेळा आला असेल तर बेरीज जमते, एखादाही विषम वेळा आला तर कधीच जमत नाही. सांगलीत ७ एकदा, ११ एकदा, म्हणून नाही. कराडमध्ये ३ एकदा आणि वाईत ३ तीनदा, म्हणून तिथेही नाही.

साताऱ्याचे दोन्ही अवयव ४ने भागून १ बाकी देणारे. ६१३ = १८² + १७², ६७७ = २६² + १². या दोन बेरजा गुणायला ब्रह्मगुप्ताच्या ‘भावना’ नावाच्या गुणनरीतीतून येणारं सूत्र वापरा : (अ² + ब²)(क² + ड²) = (अक + बड)² + (अड − बक)². यातली अधिक-उणे चिन्हं आपसांत बदलली की दुसरं रूप मिळतं. म्हणून

४१५००१ = ४८५² + ४२४² = ४६०² + ४५१²

आणि तुमच्या मिरजेचा ४१६४१० = १० × ४१६४१. दहा म्हणजे ३² + १². ४१६४१ ही मूळ संख्या आहे आणि ती २०४² + ५² आहे. त्याच सूत्राने ६१७² + १८९² आणि ६०७² + २१९². क्रम आणि चिन्हं सोडली तर या दोन्ही गावांना दोनच रीती आहेत, तिसरी मिळणार नाही.